पहिल्या सेमिस्टरला गेलेल्या लेकीस

निपाणी

चि. माई हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू घाईत असतेस आणि तुझी आई मेसच्या जेवणाखेरीज दुसरा विषय काढू देत नाही, म्हणून लिहितो आहे.

इंजिनिअरिंगला मुले मागे पडतात ती बुद्धी कमी पडल्यामुळे, असे आपल्याकडे सर्रास समजले जाते. कागलच्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, इन्स्पेक्शनला असल्यामुळे नव्याने पदवी घेऊन आलेली पुष्कळ मुले माझ्या हाताखालून गेली आहेत, आणि त्यांच्याशी जेवणाच्या सुट्टीत झालेल्या बोलण्यावरून माझे मत निराळे झाले आहे. मागे पडतात ती बहुतेक लपवणारी मुले. वर्गात समजले नाही हे सरांपासून लपवायचे, प्रयोग आपण केलाच नाही हे वहीत लपवायचे आणि विषय राहिला हे घरी लपवायचे, अशी ती साखळी असते. कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव तुकड्याच्या, पोटातला ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, वरून दिसत नाही. मशीनवर चढवून दोन-तीन मिलिमीटर माल काढला की तो उघडा पडतो, आणि तोवर त्या तुकड्यावर झालेला सगळा खर्च वाया गेलेला असतो. पहिल्या सेमिस्टरचा राहिलेला गणिताचा पेपर पाचव्या सेमिस्टरपर्यंत दडवून ठेवणाऱ्या मुलांचे नेमके हेच होते.

पी.यू.सी.ची, म्हणजे अकरावी-बारावीची, दोन वर्षे तू सी.ई.टी.च्या पर्यायी प्रश्नांवर घासलीस. इंजिनिअरिंगची रीत वेगळी आहे, आणि ती पहिल्याच महिन्यात नीट समजून घे. 2022 च्या योजनेप्रमाणे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठात साधारणपणे प्रत्येक विषयाचे 50 गुण सेमिस्टरभरातल्या अंतर्गत मूल्यमापनाचे आणि 50 सेमिस्टरअखेरच्या परीक्षेचे असतात. अंतर्गत गुणांत किमान 20 मिळाल्याखेरीज अखेरच्या परीक्षेला बसता येत नाही. अखेरचा पेपर 100 गुणांचा असतो आणि ते निम्मे करून 50 पैकी धरतात; त्या 100 पैकी किमान 35 हवेत, आणि दोन्ही मिळून 40 टक्के भरावे लागतात. याचा व्यवहारातला अर्थ असा की निम्मे गुण दर आठवड्याला थोडे थोडे वाटले जात असतात आणि ते नंतर कितीही जागरणे केली तरी परत मिळत नाहीत. पेपरमध्ये पाच मॉड्यूल, म्हणजे अभ्यासक्रमाचे भाग, प्रत्येकावर दोन मोठे प्रश्न आणि त्यांतला एक सोडवायचा, अशी मांडणी असते. म्हणजे एखादे मॉड्यूल अवघड म्हणून सोडून दिले, तर 20 गुण सरळ पाण्यात गेले. जुने पेपर लायब्ररीत मिळतात. ते परीक्षेच्या आदल्या रात्री नव्हे, तर मॉड्यूल शिकवून झाले की लगेच सोडवून पाहा.

हजेरी 85 टक्के लागते. ज्या विषयाचे 40 तास होतात, तिथे सहापेक्षा जास्त बुडवता येत नाहीत, आणि गणपती, दिवाळी, मामाकडचे लग्न, शिवाय एखादा ताप धरला तर हे सहा कसे संपतात ते कळत नाही. आजारी पडलीस तर डॉक्टरांचा दाखला त्याच आठवड्यात विभागात देऊन ठेव. घरच्या कार्यक्रमांबद्दल आजी काही म्हणाली तर ते मी पाहून घेईन. तू हजेरीचा हिशेब आधी पाहा.

आता जे मला सर्वांत जास्त सांगायचे आहे ते प्रयोगशाळेबद्दल. चौघांचा गट करतात, आणि बहुतेक ठिकाणी मुले उपकरण हातात घेतात, तर मुलींकडे आकडे लिहायची वही येते, कारण मुलींचे अक्षर चांगले असते म्हणे. तू वही धरणारी होऊ नकोस. मल्टिमीटर स्वतः लाव, ब्रेडबोर्डवरची जोडणी स्वतः कर, चुकली तर काढून पुन्हा कर. चुकलेल्या जोडणीने फार तर एखादा एल.ई.डी. जाईल. आमच्याकडे पदवीचा उत्तम निकाल घेऊन आलेल्या मुलांनासुद्धा व्हर्नियरवरचे, म्हणजे बारीक मापे घेण्याच्या पट्टीवरचे, माप वाचताना घाम फुटतो, कारण चार वर्षे ते माप दुसऱ्याच कुणीतरी वाचलेले असते. सी भाषेतल्या प्रोग्रॅमचेही तसेच आहे. पाठ करून लिहिलेला प्रोग्रॅम तोंडी परीक्षेत एक ओळ बदलायला सांगितली की कोसळतो.

ड्रॉइंग संगणकावर असते, म्हणून ते बोटांचे काम आहे असे समजू नकोस. तुम्हाला फर्स्ट अँगल शिकवतील, म्हणजे वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली काढायचे. भारतात तीच पद्धत प्रमाण आहे. आमच्याकडे अमेरिकेच्या गिऱ्हाइकाची रेखाचित्रे थर्ड अँगलची येतात, तिथे तेच दृश्य वर असते, आणि कोपऱ्यातले छाटलेल्या शंकूचे छोटे चिन्ह न पाहता कामाला लागणारा माणूस भाग उलटा करून बसतो. दिवाळीला आलीस की अशी दोन-चार रेखाचित्रे दाखवीन. पुस्तकापेक्षा त्यांनी लवकर समजते.

भाषेचे तुला वाटते तेवढे मोठे संकट नाही. मराठी शाळेतून आल्यामुळे इंग्रजीत प्रश्न विचारताना तुझी वाक्ये अडतील, अडू देत. वर्गात जमले नाही, तर तास संपल्यावर सरांच्या खोलीत जाऊन विचार, तिथे मराठी बोलणारे सरही भेटतील. कन्नड तू शाळेत शिकली आहेस, वाचता येते, फक्त बोलायला लाजतेस. वर्कशॉपमधले मिस्त्री, मेसमधल्या मावशी, गदग-विजयपूरकडून आलेल्या मैत्रिणी यांच्याशी मोडके का होईना, कन्नडच बोल. पहिल्या वर्षात कन्नडचा एक छोटा विषयही असतो, त्याला कमी लेखू नकोस. सीमेचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याबद्दल आपल्या घरातले मत तुला माहीत आहे. ते मत बाळगून शेजारच्या खोलीतल्या मुलीशी तिच्या भाषेत बोलता येते, यात कमीपणा काही नाही.

रॅगिंगबद्दल थोडक्यात सांगतो. प्रवेशाच्या वेळी तू आणि मी दोघांनी रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र भरले, ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांमुळे. ‘नुसती ओळख करून घेतो’ म्हणून कुणी रात्री खोलीत बोलावले, तर जायचे नाही. वॉर्डनला सांग, आणि तिथे दाद लागली नाही तर 1800-180-5522 हा राष्ट्रीय मदतक्रमांक चोवीस तास चालू असतो. तक्रार केली की वरिष्ठ मुली नोट्स देणार नाहीत, या भीतीने गप्प बसू नकोस. नोट्स कुठूनही मिळतात. सगळ्या वरिष्ठ मुली तशा नसतात, हेही खरे. चांगली एखादी भेटली तर तिच्याकडून कोणता विषय कसा वाचावा हे जरूर शिक.

चार वर्षांत 100 ॲक्टिव्हिटी पॉइंट मिळवायचे असतात, त्याची नोंद पहिल्या वर्षापासून ठेव. गावातल्या शाळेत शिकवणे, पाण्याचे सर्वेक्षण, झाडे लावणे अशी कामे त्यात धरतात. सुट्टीत आपल्याच भागात काहीतरी करता येईल, आपल्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी मी बोलून ठेवतो.

पैशांचे म्हणशील तर महिन्याच्या एक तारखेला पाठवीन. कमी पडले तर मैत्रिणीकडून उसने घेण्याआधी मला सांग. दर शनिवारी निपाणीला येण्याचा हट्ट धरू नकोस. यायला-जायला अर्धा रविवार जातो आणि सोमवारी पहिल्याच तासाला तू पेंगत बसशील. महिन्यातून एकदा पुरे. आईची समजूत मी काढतो.

पहिल्या अंतर्गत चाचणीचे गुण लागले की विषयवार कळव, जसे असतील तसे. एखाद्यात पाच असतील तर पाचच लिही, आणि त्यातले काय समजले नाही तेही लिही. गणिताचे असेल तर आपल्या गल्लीतल्या निवृत्त सरांना विचारून ठेवले आहे; तू आलीस की ते दोन तास देणार आहेत.

तुझा,
आप्पा