मेक्सिकोचा ‘पितृपक्ष’ आणि फोटोखालची ओळ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत मेक्सिकोच्या ‘डे ऑफ द डेड’ ह्या मेलेल्यांच्या सणावर पानभर लेख आलाय, फोटो एक नंबर, आमच्याकडे ते पान फ्रिजवर चिकटवलंय. पण मथळा वाचला ‘तीन हजार वर्षांपूर्वीचा ॲझ्टेक पितृपक्ष’ आणि चहा तसाच राहिला. अहो, ॲझ्टेक म्हणजे स्पॅनिश यायच्या आधी तिथे राज्य करणारे लोक, त्यांनी त्यांची राजधानी तेनोच्तित्लान वसवली ती साधारण १३२५ मध्ये, म्हणजे आपल्याकडे देवगिरीच्या यादवांचं राज्य नुकतंच बुडालं होतं त्या सुमाराला, मग तीन हजार वर्षं आणायची कुठून? त्यांच्याआधी तिथे ओल्मेक होते, माया होते, मान्य, पण मथळ्यात तुम्ही ॲझ्टेकच लिहिलंय. आणि त्या मोठ्या फोटोखालची ओळ तर आणखी चुकलीये, तिच्याकडे शेवटी येतो.

मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. माझी भाची कंपनीच्या कामानं दोन वर्षं तोलुकाला होती, मेक्सिको सिटीच्या पश्चिमेला जवळच, तिच्यामुळे हा नाद लागला आणि मग वाचत गेलो, रिटायर माणसाला वेळच वेळ.

आधी तारखा बघा. १ आणि २ नोव्हेंबर ह्या ॲझ्टेकांच्या तारखा नाहीतच, त्या चर्चच्या आहेत. १ ला ऑल सेंट्स म्हणजे सगळ्या संतांचा दिवस, २ ला ऑल सोल्स म्हणजे सगळ्या मृतांचा, आणि ही २ तारीख फ्रान्समधल्या क्लुनी मठाचा मठाधिपती ओदिलो यानं साधारण हजार वर्षांपूर्वी आपल्या मठांमध्ये चालू केली, तिथून ती हळूहळू सगळ्या कॅथलिक युरोपभर गेली. स्पेनमध्ये त्या दिवशी कबरींवर मेणबत्त्या लावायचे, पाव ठेवायचे, हाडांच्या आकाराची मिठाई तिथे अजून मिळते. १५२१ मध्ये तेनोच्तित्लान पडलं आणि स्पॅनिश पाद्र्यांबरोबर ही तारीख मेक्सिकोत उतरली, तशीच पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आणि आमच्या वसईत. हो, मी वसईचा. २ नोव्हेंबरला इकडे कुठल्याही चर्चच्या दफनभूमीत जाऊन बघा, कबरी धुऊनपुसून ठेवलेल्या, फुलं, मेणबत्त्या, फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडत फिरतायत. मग मेक्सिकोच्या सणाचा सख्खा भाऊ शोधायचाच असेल तर तो भाद्रपदात कशाला शोधताय, तो इथे लोकलच्या शेवटच्या टप्प्यात आहे की. पितृपक्षासारखं वाटतं हे खरंय, गेलेल्या माणसाच्या आवडीचं करायचं, वाढायचं, तो येऊन जातो असं मानायचं, पण चेहरा जुळला म्हणून कुणी भावकीतलं होत नाही.

आता म्हणजे ॲझ्टेकांचं त्यात काहीच नाही का? तर तसंही नाहीये, आणि मला हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. त्यांचं वर्ष वीस-वीस दिवसांच्या अठरा महिन्यांचं, वर पाच दिवस अशुभ. त्यातल्या नवव्या-दहाव्या महिन्यात, म्हणजे आपल्या हिशोबानं ऑगस्टच्या आसपास, आधी गेलेल्या लहान मुलांचा सण आणि मग मोठ्यांचा. दिएगो दुरान नावाचा एक डोमिनिकन फ्रायर, म्हणजे स्पॅनिश पाद्रीच, होता, लहानपणीच मेक्सिकोत आलेला, तिथेच वाढलेला, त्यामुळे ॲझ्टेकांची नावात्ल भाषा त्याला चांगली यायची, आणि त्यानं १५७० च्या दशकात लिहून ठेवलंय की ऑल सेंट्सच्या दिवशी लोक मेलेल्या मुलांसाठी नैवेद्य ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी मोठ्यांसाठी, कोको, मेण, कोंबड्या, फळं, धान्य असं सगळं. त्याला संशय आला की ह्यांनी आपला ऑगस्टमधला जुना सण गुपचूप उचलून आमच्या सणाच्या पोटात ठेवलाय. बघा म्हणजे, ज्यानं तक्रार म्हणून लिहिलं त्याचंच लिखाण आज पुरावा म्हणून कामाला येतंय. आजही तिथे १ तारीख मुलांची आणि २ मोठ्यांची असते.

एल्सा माल्विदो ह्या मेक्सिकन इतिहास संशोधक बाईंचं म्हणणं होतं की हा सण मुळात युरोपियन कॅथलिकच आहे आणि त्याचं ‘प्राचीन’ मूळ विसाव्या शतकातल्या शिकलेल्या लोकांनी रंगवलंय. दुरान वाचल्यावर मला ते थोडं ताणल्यासारखं वाटतं, पण तुमच्या मथळ्यापेक्षा त्या खऱ्याच्या कितीतरी जवळ आहेत. कारण ॲझ्टेकांची मेल्यानंतरची कल्पनाच वेगळी होती, माणूस मेला की मिक्त्लानचा, म्हणजे मेलेल्यांच्या जगाचा, प्रवास चार वर्षांचा, वाटेत नदी, ती कुत्र्याच्या मदतीनं पार करायची, म्हणून कुत्रा सोबत द्यायचे (इथे मला युधिष्ठिर आठवला, पण असू दे, भावकीचं आत्ताच बोललोय). चार वर्षं नैवेद्य, मग प्रवास संपला, विषय संपला. दरवर्षी बोलावून जेवायला घालायचं हे त्या चार वर्षांच्या हिशोबात नीट बसत नाही.

खरा देशी माल म्हणाल तर फुलं. तुमच्या लेखात ‘तिथेही आपल्यासारखाच झेंडू’ असं वाक्य आहे ते उलटं पाहिजे, आपल्याकडेही त्यांच्यासारखाच झेंडू! झेंडू मूळचा तिकडचाच, मेक्सिकोचा, आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला असं मानतात. दसऱ्याला दादरला फुलांचे ढीग लागतात ना, त्याचं माहेर मेक्सिको. तिकडचं नाव सेम्पासूचिल, नावात्लमध्ये मूळ अर्थ वीस फुलं किंवा वीस पाकळ्यांचं फूल, कारण ते वीसच्या पटीत मोजायचे आणि वीस म्हणजे भरपूर, आपण सहस्रदल म्हणतो तसं. आमची आजी ‘तीन विसा आन् पाच’ असं मोजायची तिला हे लगेच पटलं असतं. त्या पाकळ्यांची रस्त्यापासून घरातल्या ऑफ्रेंदापर्यंत वाट घालतात, ऑफ्रेंदा म्हणजे मेलेल्यांसाठी मांडलेलं टेबल, वास आणि रंग धरून आत्मा बरोबर आपल्या घरी येतो. येताना तहानलेला असतो म्हणून पाण्याचा ग्लास, शेजारी मीठ, आणि भाचीच्या घरमालकीणबाईंच्या टेबलावर सासऱ्यांसाठी बिअर आणि सिगरेटचं पाकीट, आयुष्यभर ज्यावरून भांडल्या तेच.

आणि आता साखर. ती तर पूर्ण उलट्या दिशेनं गेली. गहू आणि ऊस दोन्ही स्पॅनिश लोकांनी नेले, म्हणजे तो हाडांच्या नक्षीचा गोड पाव पान दे मुएर्तो आणि त्या साखरेच्या कवट्या, दोन्ही ॲझ्टेकांच्या घरात असणं शक्यच नाही. मेक्सिको जिंकणाऱ्या कोर्तेसनं स्वतः तिथे उसाची गुऱ्हाळं चालवली होती. त्या साखरेच्या वस्तूंना आल्फेन्यिके म्हणतात आणि ह्या शब्दाचा माग काढत गेलं की स्पॅनिशमधून अरबी, अरबीतून फारसी आणि फारसीतून थेट संस्कृत ‘फाणित’, आयुर्वेदात उसाचा रस आटवून दाट करतात ते, आपल्या काकवीच्या जवळपासचं. मला हे वाचून रात्री झोप लागली नाही, खोटं नाही सांगत. तोलुकाला ऑक्टोबरात आल्फेन्यिकेची जत्राच भरते, पोर्तालेसच्या कमानींखाली सगळे स्टॉल, साच्यात घालून केलेल्या कवट्या, आपल्या पाडव्याच्या साखरगाठींसारखंच तंत्र. कपाळावर नाव टाकून देतात, जिवंत माणसाचंसुद्धा, त्यांना त्यात काही वाटत नाही, उलट प्रेमानं देतात. भाचीनं स्वतःचं नाव घातलेली एक हौसेनं आणली आणि आमच्या ताईनं ती उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही, पोरगी जिवंत समोर उभी आणि कवटीवर नाव, अभद्र कुठली! शेवटी गॅलरीत मुंग्यांनी संपवली. भोपळापण गुळात शिजवतात तिकडे, दालचिनी घालून, पिलोनसिलो म्हणतात त्या गुळाला, छोटे छोटे शंकूच्या आकाराचे खडे. त्याबद्दल ताईची तक्रार नाही.

मग ‘प्राचीन ॲझ्टेक सण’ हे आलं कुठून? १९१० ते १९२० ची क्रांती झाली आणि नव्या मेक्सिकोला सांगायला एक गोष्ट हवी होती, आम्ही स्पेनची सावली नाही, आमची मुळं त्याच्याही खालची आहेत. शाळा, चित्रकार, सरकार सगळे त्या कामाला लागले आणि खेड्यापाड्यात, विशेषतः दक्षिणेकडे आणि मधल्या भागात जो सण घराघरात शांतपणे चालायचा तो राष्ट्राचा झाला. २००८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. आणि तुम्ही पान भरून छापलेली ती मेक्सिको सिटीतली भव्य मिरवणूक, ‘शतकानुशतकांची’ म्हणालात ना, ती पहिल्यांदा निघाली २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये! २०१५ च्या जेम्स बाँडच्या सिनेमात सुरुवातीला तशी मिरवणूक दाखवली होती, ती आधी कधी नव्हतीच, सिनेमा बघून टुरिस्ट येणार आणि विचारणार म्हणून सरकारनं खरोखर काढली. मला वैयक्तिक ह्यात काही वावगं वाटत नाही, आपल्या गावोगावच्या गणपतीच्या मिरवणुकाही कधीतरी कुणीतरी चालू केल्याच ना. फक्त तारीख खरी छापा.

आता ती फोटोखालची ओळ. हॅट घातलेली, चेहरा कवटीसारखा रंगवलेली बाई, आणि खाली ‘मृत्युदेवता मिक्तेकासिवात्लच्या वेशात तरुणी’. मिक्तेकासिवात्ल ही ॲझ्टेकांची मिक्त्लानची राणी, बरोबर, पण फ्रेंच फॅशनची पिसांची हॅट तिनं घालायचं काय कारण? ही बाई कात्रिना आहे आणि ती देवळातून नाही, छापखान्यातून आलीये. होसे ग्वादालुपे पोसादा, जन्म १८५२, आग्वासकालिएन्तेसचा, मेक्सिको सिटीत वानेगास आरोयो ह्यांच्या छापखान्यासाठी स्वस्तातल्या, रस्त्यावर विकायच्या एकपानी कागदांवर चित्रं काढायचा, खून, अपघात, चमत्कार, पुढाऱ्यांची टर, सगळं. नोव्हेंबरात तिकडे ‘कालावेरा’ छापायची पद्धत, म्हणजे जिवंत मंत्रीसंत्री मेलेत असं धरून त्यांच्यावर खट्याळ कविता, आपल्या पेपरातल्या वात्रटिका असतात ना अगदी तशा, सोबत सांगाड्याचं चित्र. त्यातलंच हे एक, नाव ‘गार्बान्सेरा’. गार्बान्सो म्हणजे छोले, मका सोडून युरोपातले छोले धरले अशी ती, रक्त इथल्या आदिवासींचं आणि ऐट पॅरिसची, तिची खिल्ली आहे ती. पोसादा गेला १९१३ मध्ये आणि हे चित्र छापून आलं तेही तो गेल्यावर. मूळ चित्रात फक्त मुंडकं आणि हॅट, अंग नाहीच. अंग दिलं चित्रकार दिएगो रिवेरानं १९४७ मध्ये, मेक्सिको सिटीतल्या आलामेदा बागेवरच्या त्याच्या मोठ्या भित्तिचित्रात, लांब झगा घातला, एका बाजूला खुद्द पोसादा उभा केला, दुसऱ्या बाजूला तिचा हात धरून लहानपणीचा रिवेरा, मागे त्याची चित्रकार बायको फ्रिदा काहलो, आणि बाईंच्या गळ्यात पिसांच्या बोआऐवजी, म्हणजे गळपट्ट्याऐवजी, पिसांचा साप, म्हणजे ॲझ्टेकांचा देव केत्सालकोआत्ल. झालं, जी बाई आपलं देशी मूळ लपवते म्हणून तिला हसत होते तिच्याच गळ्यात ते घातलं, आणि तेव्हापासून लोकांना ती देवी वाटायला लागली, तुमच्या उपसंपादकांचा एकट्याचा काय दोष.

पोसादाला गरिबांच्या फुकटच्या कबरीत पुरलं होतं, हाडं न्यायला कुणी आलं नाही म्हणून सात वर्षांनी ती काढून सगळ्यांच्या खड्ड्यात टाकली. त्याची कवटी जगभर टी-शर्टांवर, आणि त्याची स्वतःची कुठे गेली ते कुणाला ठाऊक नाही. तो तुमच्याच धंद्यातला माणूस, रोजच्या डेडलाइनवर काम करणारा. तेव्हा मथळ्याचं बघा जमलं तर, पण फोटोखालची ओळ मात्र दुरुस्त करून छापा, ‘कात्रिनाच्या वेशात तरुणी, मूळ चित्र होसे ग्वादालुपे पोसादा’ एवढीच, मी कापून फ्रिजवरच्या त्या फोटोखाली चिकटवतो.

आपला,
एक जुना वाचक, वसई