टप्पे कमी, पण भरवसा किती?

संपादक महोदय,

भूकंपात मोबाइलचे मनोरे कोसळले की बचावपथकांकडील बिनतारी उपकरणे (संच) एकमेकांमार्फतच संदेश पुढे सरकवतात, आणि अशा तात्पुरत्या बिनतारी जाळ्यांचे खरे दुखणे मार्गनिवडीत आहे. 2003 मध्ये ज्याचा तपशील आरएफसी म्हणून प्रसिद्ध झाला, तो एओडीव्ही प्रोटोकॉल (मार्ग ठरवण्याची नियमावली) गरज पडेल तेव्हाच मार्ग शोधतो आणि टप्पे, म्हणजे एका संचाकडून दुसऱ्याकडे होणाऱ्या उड्या, कमीत कमी असाव्यात असे पाहतो. मात्र कमी टप्पे म्हणजे बहुधा लांबचे, क्षीण दुवे. ज्या दुव्यावर डेटाची पाकिटे जाताना आणि त्यांची पोच परतताना प्रत्येकी निम्मीच टिकतात, तिथे एका पाकिटामागे सरासरी 4 प्रयत्न लागतात. असे 2 टप्पे म्हणजे 8 प्रयत्न. दोन्ही दिशांना 90 टक्के यश देणारे 3 टप्पे असतील, तर चारहून कमी प्रयत्न पुरतात. हा हिशेब मांडणारे ईटीएक्स हे परिमाण उपलब्ध असताना नुसते टप्पे मोजत बसणे मला अक्षम्य वाटते.

अर्थात संच वेगाने हलत असतील, तर क्षणापूर्वीची मोजमापेही फसवतात. म्हणून संकेत क्षीण होऊ लागताच, दुवा तुटण्याआधीच पर्यायी मार्ग तयार ठेवणे आणि बॅटरी संपत आलेल्या संचावरचा भार हलवणे, यांवर संशोधकांनी भर द्यावा, अशी कळकळीची विनंती.

– एक वाचक