खंबाटकी घाटातील अनोळखी मदतनीसांचे मनःपूर्वक आभार

खडी भरून साताऱ्याकडे निघालेला आमचा जुना टाटा १६१३ डंपर खंबाटकीच्या चढावर बंद पडला, तेव्हा चाकांखाली दगड लावून मदतीला धावलेल्या दोघा चालकबंधूंचे आम्ही अत्यंत ऋणी आहोत. झिजलेल्या तांब्याच्या वायसरमधून डिझेल लाइनीत हवा शिरल्याचे त्यांनी अचूक ओळखले, स्वतःच्या पेटीतला वायसर बसवला आणि फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून, फेस संपून डिझेलची स्वच्छ धार येईपर्यंत हातपंप मारला. अशी इंजिने अजूनही पान्यावर दुरुस्त होतात, हे खरेच. पण तो पाना चालवणारे जाणते हात आता दुर्मीळ झाले आहेत. त्यांनी पैसे घेतले नाहीत, नावेही सांगितली नाहीत. म्हणून हे जाहीर आभार.