उन्हाळी बागेचं पान जानेवारीत छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परीक्षा संपत आल्या की आपल्या पुरवणीत एक पान हमखास येतं : सुट्टीत गच्चीवर भाजी पिकवा आणि नवा छंद लावून घ्या. यंदाही आलं, सोबत टोमॅटोचा लालभडक फोटो. पान देखणं होतं, पण नाशिकच्या हवेसाठी ते दोन-अडीच महिने उशिरा निघालं. दरवर्षीच तसं निघतं, म्हणून हे पत्र.

एप्रिलमध्ये लावलेलं टोमॅटोचं रोप जगतं, फुलतंसुद्धा. पण पारा ३५-३८ च्या वर टिकून राहिला की परागकण निकामी होतात आणि फुलं देठासकट गळतात. मग आमच्या सिडकोत गल्लीभर चर्चा. कुणी म्हणतं माती खराब, कुणी म्हणतं नर्सरीवाल्याने गंडवलं. माती बिचारी चांगली असते.

मी निवृत्त परिचारिका. आमची गच्ची दहा बाय पंधरा फुटांची, त्यातला एक कोपरा पाण्याच्या टाकीने अडवलेला. एवढ्या जागेत उन्हाळ्याची भाजी निघते, पण तिची तयारी संक्रांतीला व्हावी लागते. तेव्हा बी टाकायचं नसतं, हेही खरं. निफाडकडे द्राक्षबागायतदार पहाटे शेकोट्या पेटवत असतात त्या दिवसांत काकडीचं बी गार मातीत नुसतं पडून राहतं, नाहीतर कुजतं. रथसप्तमीला उन्हात जोर आला की काकडी, गिलकी, दोडकी, कारली, दुधी टाकावेत. भेंडी आणि गवार महाशिवरात्रीपासून होळीपर्यंत. भेंडीचं बी रात्रभर भिजवलं तर लवकर फुटतं आणि पेरल्यापासून ४५-५० दिवसांत पहिली तोडणी येते. महाशिवरात्रीला टाकलेली भेंडी हनुमान जयंतीच्या पुढेमागे ताटात, आणि मेचं ऊन चढेपर्यंत वेलांनी मांडव धरलेला. मुळं खोल गेलेला वेल ते ऊन काढतो आणि खालच्या कुंडीतल्या पुदिन्यालाही सावली देतो. एप्रिलात उगवलेलं दोन पानांचं रोप काय काढणार?

मग संक्रांतीला करायचं काय, तर खडू घेऊन गच्चीवर जायचं. सकाळी नऊ, दुपारी बारा, संध्याकाळी चार, अशा तीन वेळा टाकीची सावली जमिनीवर आखून ठेवायची. जानेवारीत भरदुपारी ही सावली उत्तरेकडे जवळपास टाकीच्या उंचीएवढी पडते. लोक तेवढं बघतात आणि थंड कोपरा म्हणून कोथिंबिरीचा ट्रे तिथे मांडतात. मेमध्ये त्याच जागेचा तवा होतो. नाशिक २० अक्षांशावर आहे, त्यामुळे २० मेच्या आसपास मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो, टाकीची सावली टाकीखालीच राहते. तिथून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत तो मध्यान्हीला किंचित उत्तरेकडूनच जातो. म्हणजे हिवाळ्यातला सावलीचा कोपरा उन्हाळ्यात उघडा पडतो. हे मला शेजारच्या सातवीतल्या मुलीने भूगोलाची वही उघडून समजावलं. आता रविवारी खडूच्या खुणा आम्ही दोघी मिळून करतो. आकाश बघण्याचा छंद लावून घ्या असं तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण लागला.

तुमच्या पानावरची छंदांची यादी मला म्हणूनच पटत नाही. चित्रकला, बासरी, नवी भाषा, छायाचित्रण, सगळं बागेपासून तोडून चौकटीत मांडलेलं. दोडक्याचंच घ्या. गिलक्याचं पिवळं फूल सकाळी उमलतं, दोडक्याचंही पिवळंच, पण ते संध्याकाळी उमलतं. दुधीचं पांढरं फूलही संध्याकाळचंच. मी चित्रं काढायला शिकतेय ती या फुलांवर. मादी फूल देठापाशी बोटाएवढं कोवळं फळ घेऊनच येतं, नराचा देठ सडपातळ. हे चित्र एकदा हाताने काढलं की आयुष्यभर विसरत नाही. गच्चीवर मधमाशा कमी फिरकतात, तेव्हा नर फूल खुडून पाकळ्या मागे मुरडायच्या आणि पराग मादीच्या मधल्या भागावर हलकेच टेकवायचे. गिलक्याला हे सकाळी करा, दोडक्याला दिवे लागताना. दोडक्याला सकाळी करायला गेलात तर मिटलेलं फूल हाती लागतं.

दुसरा छंद मोडी लिपीचा. मेमध्ये अकरा ते पाच गच्चीवर पाय ठेवणं शक्य नसतं, तेव्हा घरात बसून मोडी गिरवते. बागेच्या नोंदवहीतल्या नोंदी मोडीतच असतात : मातीच्या कुठल्या पिशवीत काय, बी कधी टाकलं, फळमाशी कधी दिसली. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही, हे माझ्यासारखीला फारच सोयीचं. घरात दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही, त्याचाही फायदा आहेच.

पाण्याबद्दल थोडं. गंगापूर धरणाचा साठा उतरला की पाणीकपातीची कुजबुज सुरू होते आणि बागवाल्यांकडे शेजारी तिरक्या नजरेने बघतात. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारातून बिनरंगाची, पाणी पाझरणारी छोटी मडकी आणून मोठ्या पिशवीच्या मधोमध गळ्यापर्यंत पुरावीत, भाजी धुतलेलं पाणी त्यात ओतावं आणि वर झाकण ठेवावं. पाणी मुळांशी झिरपतं, वर वाफ होऊन उडत नाही. मातीवर पाचोळ्याचा जाड थर हवाच. रसवंतीवाल्याकडची उसाची चिपाडं फुकट मिळतात, पण मुंग्या लागतात, म्हणून आधी धुऊन कडकडीत वाळवावीत. आणि हो, वीस लिटरच्या रंगाच्या बादलीत ओली माती भरली की तीस किलोच्या वर वजन जातं. बादल्या गच्चीच्या मध्यावर न मांडता खाली भिंत किंवा तुळई असेल तिथे कडेने मांडा. हे तुमच्या पानावर एका ओळीतही नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच की हे पान जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात काढा, नाशिकचं हवामान धरून काढा, आणि टोमॅटोऐवजी गिलक्याचा फोटो लावा. जागा कमी पडली तर छंदांची यादी गाळा, पण कोणतं फूल सकाळी उमलतं आणि कोणतं संध्याकाळी, ही चौकट तेवढी ठेवा.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त परिचारिका,
सिडको, नवीन नाशिक