कुत्र्याला वाळवंटात न्यायचे असेल तर आधी महिना पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या वाळवंटातून मोटरहोमने, म्हणजे चाकांवरच्या घराने, केलेल्या प्रवासावरचा लेख वाचला. लेख चांगलाच आहे. सग्वारो निवडुंगांचे वर्णन वाचताना मी पुन्हा तिथे जाऊन आलो. पण शेवटाकडे एक वाक्य आहे, तिथे मी अडलो: ‘घरचा कुत्राही बरोबर नेता येतो.’ बस, एवढेच. वाक्य खोटे नाही. नेता येतो. आम्ही दोनदा नेला. पहिल्या वेळी तो आमच्या हातून जाता जाता वाचला, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

लिहिण्याचे दुसरे कारण आपल्या बडोद्याचे आहे. दांडिया बाजारात आमच्या एका गल्लीतल्याच चार मराठी घरांची मुले अमेरिकेत आहेत. आम्ही आई-वडील तिकडे जातो ते बहुधा मे-जूनमध्ये, कारण नातवंडांच्या शाळांना तेव्हा सुट्टी लागते. आणि कुत्रा घेऊन त्या वाळवंटातल्या ॲरिझोना राज्यात फिरायला हे महिने फार वाईट.

मी ३४ वर्षे इथल्या एका कारखान्याच्या वीज विभागात नोकरी केली. मुलगा फिनिक्सजवळ राहतो. त्याच्याकडे गुंड्या नावाचा काळा लॅब्रॅडोर आहे, ३२ किलोचा, माणसांवर जीव टाकणारा. माझ्याशी त्याचे विशेष सूत आहे. पहाटे मी चहा ठेवला की तो माझ्या पावलांवर हनुवटी ठेवून बसतो.

२०२२ च्या मेअखेर मुलाने २५ फुटी मोटरहोम भाड्याने घेतले. ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग, मागे ओटा, छोटे न्हाणीघर, छतावर एसी. कुत्र्याचे वेगळे पैसे भरले. मुलगा मोटरहोम चालवत होता आणि सूनबाई मागून घरची गाडी घेऊन येत होती. पहिला मुक्काम टक्सनच्या पश्चिमेला एका आरव्ही पार्कात, म्हणजे मोटरहोमच्या तळावर. तिथे प्रत्येक जागेपाशी पाण्याचा नळ, सांडपाण्याची जोडणी आणि खांबावर विजेचा डबा असतो. मोटरहोमची जाड केबल त्या डब्यात खोचली की आतले सगळे चालू.

आता विजेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण चूक तिथेच झाली आणि ती माझ्या धंद्यातली होती. आमची जोडणी ३० अँपिअरची होती. ३० अँपिअर ऐकले की मी मनात आपल्या २३० व्होल्टचा हिशेब करतो, जवळजवळ ७,००० वॉट. तिथे व्होल्टेज १२०. म्हणजे हातात ३,६०० वॉट, निम्म्याच्या जवळपास. आकडा मला माहीत होता, पण ३४ वर्षांची सवय डोक्यातून जात नाही. छतावरचा एसी १४ अँपिअरच्या आसपास घेत होता. पाणी तापवणारा हीटर विजेवर ठेवलेला, त्याचे १२. फ्रिजचे ३, बॅटरीच्या चार्जरचे ५. बेरीज ३४. ब्रेकर अशा वेळी लगेच पडत नाही. तो हळूहळू तापतो आणि मग पडतो. त्यात तो पत्र्याचा डबा सकाळपासून उन्हात भाजत होता, म्हणजे आतला ब्रेकर आधीच तापलेला. तो ठरलेल्या आकड्याच्याही आधी पडू शकतो. हे मी कारखान्यात नव्या पोरांना शिकवत असे.

त्या दुपारी बाहेर ४१ अंश होते. जवळच ॲरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियम आहे. तिथे वाळवंटातली झाडे आणि प्राणी मोकळ्या आवारात पाहायला मिळतात, पण घरचे कुत्रे आत नेता येत नाहीत. आम्ही एसी लावला, गुंड्याचे पाण्याचे भांडे भरले, पडदे ओढले आणि गेलो. दोन तासांत परत यायचे ठरले होते. नातवाला ऊन सोसेना, म्हणून पाऊण तासातच आम्ही तिथून निघालो. केवळ म्हणून गुंड्या आज आहे.

गाडीतून उतरल्यावर मला सर्वांत आधी जाणवली ती शांतता. छतावरचा एसी वाजत नव्हता. मुलाने दार उघडले तर आतून भट्टीसारखी झळ आली. गुंड्या न्हाणीघराच्या दारात फरशीवर आडवा पडला होता. जीभ गडद लाल, तोंडातून दाट लाळ. उठायला गेला आणि मागचे पाय लटपटले. आमच्या सौ. ‘अरे देवा’ म्हणून तिथेच बसल्या. सूनबाई मात्र डगमगली नाही. तिने त्याला ओढून बाहेर सावलीत आणले आणि नळाची नळी त्याच्या पोटावर, मांड्यांच्या आत आणि पंजांवर धरली. पहिले पाणी उन्हाने कढत येत होते. ते तिने आधी बाजूला सोडून दिले, हे मी विसरणार नाही. मी पुठ्ठ्याने वारा घालत होतो. मग गाडीतला एसी पूर्ण सोडून त्याला ओला तसाच घेऊन दवाखाना गाठला. तिथे पोहोचल्यावर अंगात ४१ अंशांवर ताप होता. कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ च्या आसपास असते. डॉक्टर म्हणाल्या, आधी थंड केलेत आणि मग निघालात हे बरोबर केलेत, तसेच आणला असता तर सांगता आले नसते. रात्रभर सलाईन, दुसऱ्या दिवशी मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या रक्ततपासण्या. तिसऱ्या दिवशी तो घरी आला आणि माझ्या पावलांवर हनुवटी ठेवून झोपला. मला त्याच्याकडे बघवेना.

कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना थोडा येतो, एवढाच. बाकीची उष्णता तो धापा टाकून बाहेर टाकतो. आजूबाजूची हवाच त्याच्या अंगापेक्षा गरम झाली की त्या धापेचा उपयोग कमी होत जातो. आणि तो सांगू शकत नाही. आम्ही ती सहल तिथेच मोडली. पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर राहिला. तेव्हा मुलगा गुंड्याला पहाटे पाचच्या आत फिरवून आणायचा आणि रात्री नऊनंतरच पुन्हा बाहेर काढायचा.

दुसरा प्रवास २०२४ च्या फेब्रुवारीत केला. नातवाची शाळा चार दिवस बुडवली आणि त्याचे कुणालाही वाईट वाटले नाही. फिनिक्स, टक्सन, विलकॉक्स, लॉर्ड्सबर्ग, लास क्रूसेस आणि तिथून अलामोगोर्डो. दिवसा आपल्या डिसेंबरसारखे कोवळे ऊन, रात्री मात्र कडाका. विलकॉक्स हजार मीटरहून जास्त उंचीवर आहे. तिथे पहाटे आमची पाण्याची नळी गोठून काठीसारखी झाली. त्यानंतर रोज झोपण्याआधी नळी काढून ठेवली. लॉर्ड्सबर्गच्या आसपास हमरस्त्यावर धुळीच्या वादळाच्या पाट्या आहेत. धूळ उठली तर रस्ता सोडून पूर्ण कडेला थांबायचे, दिवे बंद करायचे आणि ब्रेकवरचा पाय काढायचा. दिवे लावून थांबले तर मागचा गाडीवान आपल्याला चालती गाडी समजून मागोमाग येतो आणि धडकतो.

या खेपेला विजेचे काम मी हातात घेतले. पाण्याचा हीटर गॅसवर. मायक्रोवेव्ह लावायचा तर आधी मला विचारायचे. केबल खोचल्यावर तासाभराने प्लगला हात लावून पाहायचा. गरम लागला तर आतली पकड सैल आहे, जागा बदलून मागायची. मोबाइलवर आतले तापमान कळवणारे यंत्रही मुलाने घेतले होते, पण त्याला सिग्नल लागतो आणि त्या वाळवंटात सिग्नल कित्येक मैल नसतो. म्हणून एक नियम केला: गुंड्या एकटा राहणार नाही. कुणीतरी त्याच्यापाशी थांबायचे, पाळीपाळीने.

हा नियम तिकडे पाळावाच लागतो, कारण बऱ्याच राष्ट्रीय उद्यानांत कुत्र्याला पायवाटांवर मज्जाव आहे. सग्वारो राष्ट्रीय उद्यानात तो रस्त्यांवर, फरसबंद पायवाटांवर आणि सहलीच्या बहुतेक जागांवरच चालतो. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर वरच्या पायवाटांवर नेता येतो, दरीत उतरता येत नाही. सगळीकडे सहा फुटांहून लांब दोरी चालत नाही. नियम जाचक नाहीत. तिथे कोल्ह्यासारखे कोयोटे आहेत, खुळखुळ्या साप आहेत, आणि चोया नावाचा निवडुंग आहे. त्याचे काटेरी गोळे नुसत्या स्पर्शाने तुटून अंगाला चिकटतात. गुंड्याच्या पंजात एक शिरला तेव्हा सूनबाईने मोठ्या दातांच्या कंगव्याने तो उडवला आणि उरलेले काटे पकडीने काढले. हाताने काढायला जाल तर तो आपल्या हाताला धरतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. त्या भागातल्या मातीत एक बुरशी असते, तिच्यापासून होणाऱ्या रोगाला व्हॅली फीव्हर म्हणतात. माणसालाही होतो. कुत्रा माती उकरतो, हुंगतो, धूळ नाकात जाते आणि पुढे कधीतरी खोकला, वजन घटणे, सुस्ती, कधी नुसते लंगडणे सुरू होते. औषध आहे, पण महिनोनमहिने द्यावे लागते. दुसऱ्या राज्यात राहणारी मुले वाळवंटातून परत गेली आणि कुत्रा खोकू लागला, तर तिथल्या डॉक्टरला ‘आम्ही ॲरिझोनात जाऊन आलो’ हे आपणहून सांगावे. डॉक्टरच्या मनात तो रोग येईलच असे नाही.

आणि आता गुंड्याची जागा. अलामोगोर्डोजवळ व्हाइट सँड्स राष्ट्रीय उद्यान आहे. क्षितिजापर्यंत पांढऱ्याशुभ्र टेकड्या. पहिल्यांदा मला आपले कच्छचे रण आठवले. पण ते मीठ नव्हे आणि साधी वाळूही नव्हे, ती जिप्सम आहे. जिप्सम उन्हाने वाळूसारखे तापत नाही. मी चपला काढून चाललो, दुपारी एक वाजता, तळव्यांना गार लागले. तिथे कुत्र्याला दोरीने बांधून थेट टेकड्यांवर नेता येते. आठ मैलांचा रस्ता आत जातो, त्याच्या कडेला आम्ही थांबलो. गुंड्याने आधी एक पंजा टेकवला, मागे घेतला, पुन्हा टेकवला. मग दोरीसकट मला ओढत चढणीवर पळाला. टक्सननंतर त्याला असे पळताना मी पहिल्यांदाच पाहिले. वर पोहोचल्यावर मी खाली बसलो आणि बराच वेळ उठलो नाही. सौ. खालून हाका मारत होत्या, त्यांना वाटले मला धाप लागली. (तिथे जाण्याआधी रस्ता चालू आहे ना, हे विचारून घ्यावे. शेजारी क्षेपणास्त्र चाचणीचे मैदान आहे, चाचणी असली की रस्ता काही वेळ बंद ठेवतात.)

परतल्यावर बडोद्यात मी जे पाहतो, त्याने जीव तुटतो. एप्रिल-मेमध्ये सकाळी दहा वाजता कमाटीबागेबाहेरच्या डांबरावर लोक कुत्रे फिरवतात. स्वतःच्या पायात बूट असतात. हाताची उलटी बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला टेकवत नसेल तर त्यालाही चालवत नाही. गेल्या मेमध्ये एका दुकानाबाहेर बंद गाडीत एक पॉमेरेनियन पाहिला, काच बोटभर उघडी. मालक दहा मिनिटांनी आले आणि म्हणाले, ‘काका, काच उघडी ठेवली होती की.’ स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००५ मध्ये हेच मोजले होते. बाहेर अवघे २२ अंश असतानाही बंद गाडीत तासाभरात ४७ होतात, त्यातली बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते, आणि फटीएवढी काच उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. ॲरिझोनात २०१७ पासून असा कायदा आहे की, जीव धोक्यात दिसला आणि पोलिसांना कळवून, मदत येईपर्यंत तिथेच थांबून कुणी काच फोडली, तर नुकसानभरपाईसाठी त्याच्यावर दावा लागत नाही. मी त्या दुकानाबाहेर दहा मिनिटे हातात वीट घेऊन उभा होतो आणि माझे धैर्य झाले नाही.

संपादक महोदय, आपला लेख वाचून या गल्लीतले एक कुटुंब येत्या जूनमध्ये मुलाकडे जाऊन मोटरहोम घेण्याच्या विचारात आहे. मुलाचा कुत्रा बरोबर असणार. मी त्यांना जाऊन सांगितले आहे, पण छापलेल्या शब्दाचे वजन वेगळे असते. पुढच्या रविवारी त्या एका वाक्याला जोडून एवढेच छापा: नोव्हेंबर ते मार्च.

आपला,
एक जुना वाचक
दांडिया बाजार, बडोदा