रेंज आधी, रिचार्ज नंतर

देवरूख,
दसरा, २ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुहास,

दसऱ्याच्या शुभेच्छा. सोनं प्रत्यक्ष भेटल्यावर देईन.

तुझा मेसेज वाचला. ‘गावी कायमचा येतोय, माझं एक आणि आईचं एक अशी दोन सिमं लागतील, स्वस्तातला प्लॅन सांग.’ एका ओळीत विचारलंस, पण मी एका ओळीत उत्तर दिलं तर तू मुलुंडात बसल्या बसल्या वर्षभराचा रिचार्ज मारून मोकळा होशील. तुझा स्वभाव ठाऊक आहे, म्हणून पत्र लिहितोय.

मुलुंडात प्लॅन निवडायचा म्हणजे नुसता पैशांचा हिशेब. आपल्या वाडीत आधी रेंज बघायची, मग पैसे. सड्यावर उभं राहिलं की कुठलाही फोन बोलतो. तुमचं घर मात्र खाली पऱ्याच्या अंगाला, मागे डोंगर, भिंती जांभ्याच्या आणि पडवीवर पत्रा. तिथे एकाच कंपनीचा फोन खळ्यात खणखणीत आणि माजघरात मुका, असं सर्रास होतं. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांबवर जातात आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी आत शिरतात. २३०० किंवा ३३०० वाल्या डेटा भरपूर वाहतात, पण डोंगर किंवा जाड भिंत आडवी आली की दमतात. तेव्हा ‘आमच्याकडे फाईव्हजी आलंय’ असं कुणी सांगितलं, तर आधी विचार, सड्यावर की स्वयंपाकघरात?

ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, आदेशामुळे आता प्रत्येक कंपनीला आपल्या वेबसाइटवर रेंजचा नकाशा द्यावा लागतो, टूजी, फोरजी, फाईव्हजी असा वेगवेगळा. तो जरूर बघ. ज्या कंपनीच्या नकाशात वाडी कोरी दिसते तिचा विचारच सोडून दे, तेवढ्यापुरता तो खरा उपयोगी. पण वाडी रंगवलेली दिसली म्हणून माजघरात फोन लागेल असं धरून चालू नकोस.

खरी परीक्षा दिवाळीत घे. गणपतीइतके नसले तरी बरेच चाकरमानी येतात, आणि त्यांच्या खिशात सगळ्या कंपन्यांची सिमं असतात. फराळाला बोलाव आणि त्यांचे फोन घेऊन घरभर फीर. दांड्यांवर विश्वास ठेवू नकोस, त्या किती दाखवायच्या हे फोन बनवणारा ठरवतो. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधल्या ‘अबाउट फोन’मध्ये सिमचं स्टेटस असतं, तिथे डीबीएम या सिग्नलच्या मापात आकडा दिसतो. तो उणे असतो. उणे ८५ च्या आसपास असेल तर झकास, १०० पर्यंत चालतं, ११५ च्या पुढे गेला की बोलणं तुटायला लागतं. तुझ्या आईच्या, म्हणजे काकूंच्या खाटेपाशी, चुलीपाशी आणि तू जिथे टेबल मांडणार आहेस तिथे, एवढ्या तीन जागी बघितलंस तरी पुरे. सणात गर्दीमुळे नेट रडेल, त्यावरून कंपनीला नापास करू नकोस. आकडा मात्र खरं सांगतो. आणि लाइट गेली की तासाभराने पुन्हा बघ. ते सर्वांत महत्त्वाचं. टॉवर बॅटरीवर किती वेळ तग धरतो हे कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं नसतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते ते तुला सांगायला नको.

आता काकूंचं. त्यांना नेट लागत नाही. त्यांना फोन आलेला ऐकू यायला हवा आणि मीनाताईला उलटा लावता यायला हवा. अशा माणसांना वर्षानुवर्षं न वापरलेल्या डेटाचे पैसे भरावे लागत होते. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम केला की फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक प्रत्येक कंपनीने ठेवलाच पाहिजे. त्यातून जानेवारी २०२५ मध्ये जिओने ८४ दिवसांचा ४४८ रुपयांना आणि ३३६ दिवसांचा १७४८ रुपयांना, तर एअरटेलने ८४ दिवसांचा ४६९ आणि पूर्ण ३६५ दिवसांचा १८४९ रुपयांना असे पॅक आणले. भरण्याआधी ॲपवर आजची किंमत बघून घे. हे पॅक ॲपमध्ये पहिल्या पानावर क्वचितच सापडतात, जरा खाली जाऊन शोधावे लागतात.

इथे दिवस मोजायची सवय लाव. १७४८ स्वस्त दिसतात, पण ३३६ दिवसांना भागले तर रोजचे ५ रुपये २० पैसे. १८४९ ला ३६५ ने भागलं की ५ रुपये ७ पैसे. फरक क्षुल्लक आहे, तेव्हा काकूंच्या खाटेपाशी ज्याची रेंज तेच घे. खरी गंमत २८ दिवसांच्या प्लॅनमध्ये आहे. महिना म्हणून आपण भरत राहतो आणि वर्षात रिचार्ज होतात तेरा. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन २९९ ला झाला, म्हणजे वर्षाचे ३८८७. काकूंसाठी हे निम्म्याहून जास्त पैसे पाण्यात.

आणि हो, त्यांचा बटणांचा फोन टूजी आहे. जिओचं नेटवर्क पहिल्यापासून फोरजीचं, त्यावर तो चालणारच नाही. जिओची रेंज चांगली निघाली तर फोरजीवाला बटणांचा फोन घ्यावा लागेल, तो खर्च हिशेबात धर. परवा २७ सप्टेंबरला बीएसएनएलच्या स्वदेशी फोरजीचं उद्घाटन झालं. आपल्या बाजूच्या टॉवरवर ते आलंय का, हे घरी आल्यावर फोनवरच कळेल. फक्त तुझ्या फोनमध्ये ७०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे बँड २८ आहे का ते तपास.

तुझं गणित निराळं. तू घरून हिशेबाची कामं करणार, दिवसभर नेट लागणार. त्यासाठी मोबाइलच्या डेटावर अवलंबून राहू नकोस असं माझं स्पष्ट मत. वाडीपर्यंत फायबरची केबल येते का ते आधी विचार. ती आली तर वायफाय कॉलिंग चालू कर. रेंज नसलेल्या माजघरातूनही तुझ्या नेहमीच्या नंबरवरून कॉल होतील आणि वेगळे पैसे पडत नाहीत. कंपनीने आणि फोनने ती सोय द्यायला हवी, एवढंच. राउटरला छोटा इन्व्हर्टर मात्र हवाच. मग तुझ्या सिमलाही साधा कॉलचा पॅक पुरतो.

नंबर बदलू नकोस, बँक, आधार सगळं त्याच्याशी जोडलेलं असतं. तुझा नंबर मुंबई सर्कलचा, म्हणजे मोबाइल सेवेच्या मुंबई विभागातला, पण त्याने काही अडत नाही, रोमिंगचे वेगळे पैसे हल्ली लागत नाहीत. कंपनी बदलायची झाली तर इंग्रजीत पोर्ट लिही, जागा सोडून तुझा नंबर, आणि १९०० वर पाठव. येणारा कोड नव्या कंपनीला द्यायचा, तो चार दिवस चालतो. आत्ताच्या कंपनीत नव्वद दिवस झालेले हवेत. त्याच सर्कलमध्ये तीन दिवस, दुसऱ्या सर्कलमध्ये पाच दिवस लागतात, सुट्ट्या सोडून. जुन्या सिमवरचा उरलेला बॅलन्स आणि उरलेली व्हॅलिडिटी तिथेच बुडते. म्हणूनच म्हणतोय, दिवाळीआधी वर्षाचं काही भरू नकोस. नव्या सिमवरसुद्धा पहिला रिचार्ज लहानच मार, आणि पुढचा पावसाळा एकदा बघून मग वर्षाचा.

तुझ्या फोनमध्ये दोन सिमं बसत असतील तर दुसऱ्या कंपनीचं एक सिम ठेव, अडीअडचणीला.

येताना सहाणेवरच्या चंदनासाठी काकूंनी काय मागितलंय ते त्यांनाच विचार, मला दोनदा सांगितलं आणि मी दोन्हीदा विसरलो. वसुबारसेला निघतोस की धनत्रयोदशीला तेवढं कळव. कापणी चालू असेल, गाडी मिळायची पंचाईत होते. मी संगमेश्वर स्टेशनवर येईन.

तुझा,
विलास