गरिबीची गोष्ट दयेची नको

मुलांच्या पुस्तकांत गरिबी, स्थलांतर असे विषय नकोत, असे सुचवणारा रविवार पुरवणीतील लेख वाचला. काळजी प्रामाणिक आहे, पण मत पटले नाही. मुलांपासून हे वास्तव लपले आहेच कुठे? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत 25 टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखल्या. सोसायटीतला मुलगा आणि तिथल्याच वॉचमनचा मुलगा आता एका बाकावर बसू शकतात. डब्यांतला फरक दोघांनाही कळतो.

माझी तक्रार वेगळीच आहे. आपल्या गोष्टींतला गरीब मुलगा बहुधा सोशिक, रडवेला आणि शेवटी कुणा भल्या साहेबांच्या कृपेने शिकणारा असतो. ऊसतोडीला गेलेली मुलगी कोपीत (ऊसतोड मजुरांच्या झोपडीत) धाकट्या भावाला सांभाळते, तशी ती भांडते, खोड्याही काढते. ते सहसा लिहिले जात नाही. पुण्यात 1993 साली कचरावेचकांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही आपली संघटना उभारली. त्यांत बहुसंख्य बायका. आपण करतो तेही कामच आहे, हे त्यांनी महापालिकेला मान्य करायला लावले. दहा वर्षांच्या मुलाला यातले काय समजणार नाही? (राजा-राणीच्या गोष्टींपेक्षा मजाही जास्त आहे.)

अशी पुस्तके परवडणाऱ्या किमतीत काढावीत, आणि आपल्या पुरवणीत त्यांची परीक्षणे यावीत, ही विनंती.

— एक निवृत्त शिक्षिका, कोथरूड, पुणे